लिझ्यूच्या तेरेझचे आत्मकथन : नकार आणि श्रद्धेवर टिकणे

कॅथलिक भक्तिसाहित्यात नकाराच्या कथांचा एक ठरलेला साचा आढळतो. भक्त मागतो, दार बंद होते, भक्त चिकाटी सोडत नाही आणि अखेर दार उघडते. लिझ्यूची तेरेझ (१८७३–१८९७) हिचे ‘एका आत्म्याची कथा’ हे पुस्तकही बहुधा असेच वाचले जाते. आपल्याकडच्या चर्चमध्ये गुलाबांसह दिसणारी बाळ येशूची संत तेरेजा ती हीच. पुस्तकाचा पूर्वार्ध हा साचा वापरतो हे खरे. उत्तरार्धात मात्र तो मोडतो. प्रस्तुत पाठात आपल्याला ही मोडतोड पाहायची आहे.

प्रथम घटना पाहू. पंधराव्या वर्षी कार्मेलच्या मठात प्रवेश घ्यावा, असे तेरेझने ठरवले. वडिलांनी होकार दिला. मामा आधी नको म्हणाले, मग वळले. मठावर देखरेख करणाऱ्या धर्मगुरूंनी मात्र एकवीस वर्षे पूर्ण झाल्याशिवाय प्रवेश नाही, असे बजावले. बिशपांच्या भेटीला जाताना तिने मोठे दिसावे म्हणून केस वर बांधले होते, हे तीच सांगते. पण बिशपांनीही निर्णय लांबणीवर टाकला. २० नोव्हेंबर १८८७ रोजी रोममध्ये पोप तेरावे लिओ यांच्यासमोर ती गुडघे टेकून बसली. कोणी पोपशी बोलायचे नाही, अशी सक्त ताकीद होती. ती बोलली. वरिष्ठ सांगतील तसे कर आणि देवाची इच्छा असेल तर प्रवेश मिळेल, अशा आशयाचे उत्तर आले. ती उठेना, तेव्हा पहारेकऱ्यांनी तिला उचलून बाजूला नेले. अखेर ९ एप्रिल १८८८ रोजी ती मठात दाखल झाली.

इथवर साचा शाबूत आहे. पण हा भाग १८९५ मध्ये, म्हणजे सगळे सुरळीत झाल्यानंतर लिहिलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. शिवाय तो लिहिण्याची आज्ञा मठमातेची होती आणि ती मठमाता म्हणजे तेरेझची सख्खी बहीण पोलीन. अशा वेळी भूतकाळातला नकार गोड करून सांगणे सोपे असते. तेरेझची शैलीही त्याला पोषक आहे : इवलेसे फूल, खेळणी, बाळ येशू. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच मध्यमवर्गीय भाविकतेचा हा गोडवा आजच्या वाचकाला अनेकदा जड जातो. मलाही काही पाने सक्तीने वाचावी लागली.

असे असूनही रोमच्या प्रसंगानंतर येणारी चेंडूची प्रतिमा या गोडव्यात मावत नाही. आपण बाळ येशूच्या हातातला साधा, बिनमोलाचा चेंडू व्हावे, असे तेरेझने स्वतःला अर्पण केले होते. रोममध्ये त्या बाळाने आत काय आहे ते पाहण्यासाठी चेंडूला भोक पाडले, समाधान झाल्यावर तो खाली टाकला आणि ते झोपी गेले. पुढे सांत्वन येते : झोपेत त्याला स्वप्न पडते आणि स्वप्नात तो चेंडू उराशी धरतो. पण हे सांत्वन स्वप्नातले आहे. जमिनीवर पडलेल्या चेंडूला त्याची खबर लागण्याचा मार्ग नाही. बालिश वाटणाऱ्या या चित्रात नाकारले गेल्याचा अनुभव जितका अचूक पकडला आहे, तितका तो आधीच्या भेटीगाठींच्या वर्णनात आढळत नाही.

खरा नकार पुढे आहे. १८९६ च्या पवित्र आठवड्यात तेरेझला रक्ताची उलटी झाली आणि त्याच ईस्टरच्या सुमारास तिच्या मनातला स्वर्ग विझला. जून–जुलै १८९७ मध्ये, क्षयाने खंगलेली असताना लिहिलेल्या तिसऱ्या हस्तलिखितात ती म्हणते की, आपल्यासमोर आता पडदा नसून आकाशाला भिडणारी भिंत आहे. मरणानंतर काहीच नाही, असे अंधाराचे आवाज तिला चिडवतात. आपण जरा जास्तच बोललो की काय, या भीतीने ती मध्येच थांबतेही. श्रद्धा नसलेली माणसे खरोखर असतात, यावर पूर्वी तिचा विश्वास बसत नसे; आता ती त्यांच्याच पंगतीत बसते आणि तिथून उठण्याची घाई करत नाही. आपल्या कवितांत दिसणारा आनंद अनुभवातला नसून, ज्यावर विश्वास ठेवायचा आहे तेच आपण गातो, असेही ती कबूल करते.

आपल्या वाचनसंस्कारामुळे याला विरहभक्ती म्हणण्याचा मोह होईल. तो टाळावा. विरहिणी रुसते, भांडते, पण ज्याच्यावर रुसायचे तो आहे, याबद्दल तिला शंका नसते. तेरेझच्या भिंतीपलीकडे कोणी आहे की नाही, हाच प्रश्न आहे. म्हणूनच चिकाटीचा अर्थ इथे बदलतो. १८८७ मधली मुलगी मागत राहते, नियम मोडून बोलते, उठायला नकार देते. १८९७ मधली तरुणी काही मागत नाही. आहे तिथे बसून राहते. पहिल्या चिकाटीचे फळ तिला मिळाले. दुसरीला तसा होकार आल्याची नोंद हस्तलिखितात नाही.

हा फरक वाचकांना उशिरा दिसला, याला संपादनही कारणीभूत आहे. मूळ हस्तलिखिते तीन आणि ती तीन वेगवेगळ्या स्त्रियांना उद्देशून लिहिलेली : पोलीन, दुसरी बहीण मारी आणि नंतरच्या मठमाता मारी द गोंझाग. १८९८ च्या पहिल्या आवृत्तीसाठी पोलीनने मजकुरात भरपूर फेरफार केले आणि तिन्ही भाग एकाच मठमातेला उद्देशून असल्यासारखे जोडले. त्यामुळे पुस्तक एका सरळ चढत्या जीवनकथेसारखे वाचले गेले. १९२५ मध्ये तेरेझला संतपद मिळाले तेव्हा जग हीच आवृत्ती वाचत होते. मूळ पाठ १९५६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तिसऱ्या हस्तलिखिताची अखेरची पाने पेन्सिलने लिहिलेली दिसतात. दौत-टाक पेलण्याची ताकद तेव्हा तिच्या हातात उरलेली नव्हती.