कै. परशुराम कृष्ण गोडे यांची कालनिर्णयपद्धति

कै. परशुराम कृष्ण गोडे (१८९१-१९६१) हे १९१९ सालीं पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर झाले. डेक्कन कॉलेजांतून १९१८ सालीं तेथें आलेला सरकारी हस्तलिखितांचा मोठा संग्रह त्यांच्या हवालीं होता. त्यांनीं तो जपला, वाचला व जिज्ञासूंस मोकळा केला. त्यांचे विखुरलेले वाङ्मयेतिहासविषयक निबंध १९५३ ते १९५६ या काळांत तीन खंडांत एकत्र निघाले. ते पुनः वाचतां आम्हांस जें वाटलें तें येथें नमूद करितों.

गोड्यांची पद्धति सरळ आहे. ग्रंथकार ज्याचें नांव घेतो, त्याच्या मागून तो झाला. ज्या ग्रंथांत त्याचा उल्लेख येतो, त्याच्या पूर्वीं तो झाला. संस्कृत ग्रंथांत तमाखूचें वर्णन आढळल्यास तो भाग पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वींचा म्हणतां येत नाहीं. ही रीत निर्दोष आहे. परंतु तिनें मर्यादा मिळतात, वर्ष मिळत नाहीं. गोडे हा भेद पाळीत. त्यांचे आधार घेणारे पुष्कळदां मर्यादेसच वर्ष समजतात.

आमचा खरा मतभेद मौनाच्या प्रमाणाविषयीं आहे. जुन्या संस्कृत ग्रंथांत उल्लेख सांपडत नाहीं म्हणून नथ सुमारें इ. स. १००० च्या पूर्वीं हिंदूंस ठाऊक नव्हती, असा त्यांचा निष्कर्ष आहे. तो बहुधा खरा असेल. तथापि मौनाचें बळ पाहिलेल्या पोथ्यांइतकेंच असतें, आणि न पाहिलेल्या पोथ्या आमच्याच घरांतील पेट्यांत आहेत.

येथें संग्राहकांची जबाबदारी येते. लेखक मूळ प्रतीचा शक जसाचा तसा उतरून घेतो. म्हणून समाप्तिलेखाबरोबर कागद व अक्षरवळणही पाहावें. स्थळही पूर्ण लिहावें. रायबहादुर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचींतील कारंजा तें वाशीम जिल्ह्यांतील कारंजा (लाड), जेथें जैनांचे प्रसिद्ध ग्रंथभांडार आहेत. नुसतें ‘कारंजा’ टिपून घेणारा आमच्या वर्धा जिल्ह्यांतील कारंजा (घाडगे) गांवीं येईल व रिक्तहस्तें परतेल. दुसऱ्या गांवाचें श्रेय आम्हांस नको.

गोड्यांचें एखादें अनुमान उद्यां नवी पोथी खोडून टाकील. तीच त्यांच्या पद्धतीस योग्य अशी श्रद्धांजलि होय. मात्र त्यासाठीं पेटी उघडली पाहिजे.