गर्दीची रेषा

चित्रकलेवर मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात गर्दी बहुधा तक्रारीच्या सुरातच येते. गुदमरलेला माणूस, हरवलेला चेहरा, यंत्रवत धावणारे पाय. ही तक्रार कोणाची, हे आधी विचारले पाहिजे. गावात ज्याला वाडा होता, विहीर होती, नाव होते, त्याला शहरात चेहरा हरवल्यासारखे वाटणारच. पण ज्याच्या चेहऱ्याआधी त्याची जात ओळखली जाई, त्याला लोकलच्या डब्यात खांद्याला खांदा लागल्यावर काय वाटले असेल? माझे वडील गर्दीबद्दल कधी कुरकुरले नाहीत. तिथे ‘सरकून घ्या’ असे सगळेच सगळ्यांना म्हणतात, एवढेच ते सांगत. म्हणून गर्दीचे चित्र हा आमच्या दृष्टीने स्पर्शाचाही प्रश्न आहे.

हे लिहायला निमित्त झाले ते आमच्या महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याच्या रेखाटनांचे. चित्रकलेचे रीतसर शिक्षण नसलेला हा मुलगा सहा डिसेंबरला दादर स्थानकापासून चैत्यभूमीपर्यंतची माणसे काढतो. कोळसा, मेणखडू, पाण्यात पातळ केलेली शाई, आणि मध्येच चिकटवलेले तिकीट किंवा पुस्तकाच्या वेष्टनाचा तुकडा. एका स्पर्धेत परीक्षकांनी त्याला विचारले, या चित्राचा केंद्रबिंदू कुठे आहे? प्रश्न तंत्राचा वाटतो, पण त्यामागे एक समजूत आहे : चित्रात कोणीतरी एक मुख्य असावा आणि बाकीच्यांनी त्याच्याभोवती उभे राहावे. ही रचना आम्हाला गावाच्या नकाशावरून चांगली ठाऊक आहे.

युरोपात या विषयावर पुष्कळ काम झाले. इटलीच्या बोच्चोनीने १९११ मध्ये रेल्वे स्थानकावरच्या निरोपाची तीन चित्रे केली आणि कोळसा व खडू वापरून त्यांची रेखाटनेही केली. जाणाऱ्यांसाठी तिरक्या, वेगाने कापत जाणाऱ्या रेषा. मागे राहणाऱ्यांसाठी उभ्या, खाली ओघळणाऱ्या. माणूस जवळजवळ न काढता त्याची गती काढण्याची ही युक्ती थोरच आहे. परंतु ज्या भविष्यवाद्यांचा तो सहकारी होता, त्यांच्या १९०९ च्या जाहीरनाम्यात वेगाइतकेच युद्धाचेही गुणगान होते. तो स्वतः सैन्यात गेला आणि १९१६ मध्ये घोड्यावरून पडून मेला. गर्दी ही नुसती ऊर्जा आहे असे मानले की तिला कोणत्या दिशेला वळवायचे हे दुसराच कोणीतरी ठरवू लागतो.

इंग्लंडच्या लाउरीचे उदाहरण आम्हाला अधिक जवळचे आहे. मँचेस्टरच्या बाजूला गिरणी सुटताना बाहेर पडणारी काडीसारखी माणसे त्याने आयुष्यभर काढली. १९१० पासून १९५२ पर्यंत तो घरभाडे वसूल करण्याची नोकरी करीत होता. रोज ज्यांच्या दारात उभे राहायचे तीच माणसे त्याने लांबून, पाठमोरी, एका मापाची काढली. चित्रे खोटी नाहीत. पण तशी लांबून आमची गिरणगावातली गर्दी काढली तर काय दिसेल? सगळे कामगार सारखे! प्रत्यक्षात मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात अस्पृश्यांना घेत नसत, कारण धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्या धोट्याला दुसऱ्याचे ओठ लागत. पगार त्याच खात्यात बरा होता. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर मांडला. भोंगा झाल्यावर दरवाजातून जी एकसंध गर्दी बाहेर पडे, तिच्या आत ही भिंत होती. काडीच्या माणसात ती दिसणे शक्य नाही.

कॅथे कोलविट्झ हिने १८९३ ते १८९७ या काळात विणकरांच्या उठावावर चित्रमालिका केली. तिच्यातल्या मोर्च्यात कुऱ्हाडी घेतलेल्या पुरुषांबरोबर एक बाई पाठीवर झोपलेले मूल घेऊन चालते आहे. वाकलेल्या पाठीमुळे तिची चाल कळते. आपल्याकडे सुधीर पटवर्धनांच्या ‘लोअर परळ’ (२००१) सारख्या चित्रांत शहरातल्या माणसाला असेच वजन मिळाले आहे.

आता पुन्हा त्या वहीकडे. मेणावर पाणी ठरत नाही, शाई बाजूने निघून जाते. हेन्री मूर या खाणकामगाराच्या मुलाने १९४०-४१ मध्ये लंडनच्या भुयारी रेल्वेत बॉम्बपासून आश्रय घेतलेल्या माणसांची चित्रे याच गुणाच्या बळावर केली. त्याच्या अंधारात शरीरे उजळ राहतात. पण ती निजलेली माणसे आहेत. आमचा विद्यार्थी मेण फक्त हातातल्या पुस्तकांना आणि झेंड्यांना लावतो. माणसे मात्र कोळशाची, आणि कोळसा पुसला जातो. एकाचा खांदा दुसऱ्याच्या बाहीवर उतरतो, पुढच्याची पाठ मागच्याच्या गालाला काळी करते. तो डाग तो खोडत नाही. परीक्षकांना ही अस्वच्छता वाटली. मला ती चित्राची सर्वांत खरी जागा वाटते.

गतीचेही तसेच. सहा डिसेंबरची रांग धावत नाही. ती पावलापावलाने, तासन् तास सरकते. बोच्चोनीची तिरकी रेषा इथे लावली तर खोटे होईल, आणि त्याने ती लावलेली नाही. पानाच्या खालच्या कडेला पावले इतकी दाट केली आहेत की कागद खरवडला गेला आहे. वर डोकी विरळ होत जातात. स्थानकाच्या पुलावरच्या चित्रांत मात्र तो घाई करतो. तिथे शाईचे फटकारे नुसते सवयीचे झाले आहेत, कोणत्याही स्थानकाला चालतील असे. चिकटवलेली तिकिटेही दोन-तीन ठिकाणी सोडली तर शोभेपुरती आहेत.

वहीतले शेवटचे पान रात्रीच्या शिवाजी पार्कचे आहे. त्यानंतर झाडू घेऊन येणारी महापालिकेची माणसे, ज्यांत पुष्कळ आपलीच असतात, या वहीत नाहीत. ती आणायची असतील तर त्याला सात डिसेंबरच्या पहाटेपर्यंत थांबावे लागेल, हे मी त्याला सांगितले आहे.