श्वास, शव आणि शिफारस : हाँगकाँगच्या युद्धकला-भयपटांची एक प्रवेशवाट

शिफारस करणे हे समीक्षेचे काम नव्हे, ती रसिकांची आपसातली देवघेव आहे, अशी रूढ समजूत आहे. परंतु ज्या चित्रपटांत युद्धकला आणि भय एकत्र नांदतात त्यांच्यातला आधी कोणता पाहावा, असे एखाद्या जिज्ञासू नवागताने विचारले, तर आपल्या उत्तरात त्या चित्रप्रकाराची एक व्याख्या दडलेली असते. पहिली कृती चुकली की पुढच्या सर्व कृतींचे वाचन चुकते. म्हणून शिफारशीचा प्रश्न तौलनिक अभ्यासाच्या कक्षेत घेऊन तो हाँगकाँगच्या चित्रपटांपुरता तपासण्याचा येथे प्रयत्न आहे.

मुळात हा संकर अशक्य वाटावा असा आहे. भयपटातला देह हतबल असतो, तर युद्धकलापटातला देह समर्थ असतो. नायकाला लढता येत असेल तर प्रेक्षकाने भ्यावे कशाला? आणि भुतावर मुष्टिप्रहार चालत नसेल तर वर्षानुवर्षांच्या तालमीचा उपयोग काय? हा पेच ज्या कृतीने सोडवला, ती पहिल्या शिफारशीस पात्र होय.

नवागतापुढे सहसा ठेवला जाणारा चित्रपट म्हणजे १९७४चा ‘द लेजंड ऑफ द सेव्हन गोल्डन व्हँपायर्स’. इंग्लंडची हॅमर आणि हाँगकाँगची शॉ ब्रदर्स या दोन संस्थांची ती संयुक्त निर्मिती होती. त्यात ड्रॅक्युला चीनमध्ये अवतरतो आणि पीटर कुशिंग व्हॅन हेलसिंगच्या भूमिकेत दिसतो. ओळखीच्या पात्रांमुळे प्रवेश सुलभ होतो, हे या शिफारशीमागचे कारण आहे. परंतु या कृतीत दोन परंपरा शेजारी बसतात, एकमेकींत मिसळत नाहीत. भुताचे स्पष्टीकरण युरोपीय विद्वान देतो आणि हाणामारी चिनी भावंडे करतात. ज्ञान एकाकडे आणि देह दुसऱ्याकडे, अशी ही वाटणी आहे.

ओळखीच्या दारातून अनोळखी घरात नेण्याची ही चूक मी स्वतःही केलेली आहे. या चित्रपटांतील ‘ज्यांगशी’ची ओळख वर्गात मी ‘चिनी वेताळ’ अशी करून दिली होती. वर्गात निरनिराळ्या भाषांचे विद्यार्थी होते आणि वेताळ सर्वांच्याच परिचयाचा होता. चित्रपट संपल्यावर एका विद्यार्थिनीने विचारले, “वेताळ तर बोलतो, गोष्टी सांगतो. हा काहीच का बोलत नाही?” त्या प्रश्नाने माझे सादृश्य मोडले आणि खरी तुलना सुरू झाली.

ज्यांगशी म्हणजे ताठरलेले शव. इंग्रजी शीर्षकांनी त्याला ‘व्हँपायर’ केले, तेव्हा रक्तपिपासा पुढे आली आणि ताठरपणा मागे पडला. चिनी कल्पनेनुसार माणसाला दोन प्रकारचे आत्मे असतात. त्यांतला सूक्ष्म आत्मा निघून गेला आणि देहाला चिकटलेला जड आत्मा मागे राहिला, की शव उठते. वेताळ हा परक्या शवात शिरलेला बोलका जीव आहे, तर ज्यांगशी हे आपल्याच देहाचे मुके उरलेपण आहे. मात्र दोन्हींपुढे माणसाला संयम लागतो. वेताळाला खांद्यावर घेतलेल्या राजाने मौन पाळायचे असते. ज्यांगशीसमोर उभ्या राहिलेल्या माणसाने श्वास रोखायचा असतो, कारण जिवंत माणूस त्याला श्वासावरून कळतो.

येथेच आरंभीच्या पेचाचे उत्तर सापडते. चिनी ‘छी’ या शब्दात श्वास, प्राणशक्ती आणि काही समासांत रागही सामावलेला आहे. युद्धकला म्हणजे या छीची तालीम. म्हणजेच ज्या श्वासाने लढवय्या घडतो तोच श्वास त्याचा ठावठिकाणा शत्रूला सांगतो. सामर्थ्य आणि हतबलता यांचे मूळ एकच आहे, आणि भय व युद्ध यांची सांगड या प्रकारात या मुळाशी बसते.

म्हणून माझी पहिली शिफारस १९८५च्या ‘मिस्टर व्हँपायर’ची आहे. दिग्दर्शक रिकी लाऊ, निर्माता सॅमो हंग, आणि ताओपंथी गुरूच्या भूमिकेत लॅम चिंग-यिंग. माणूस ज्यांगशी का होतो, याचे गुरूने दिलेले उत्तर असे, की आयुष्यभर गिळलेल्या संतापाचा एक जादा श्वास मरताना घशाशी अडकून राहतो. गुरूचे कौशल्य अफाट आहे. तरीही संकट येते ते क्षुल्लक हयगयीतून. शवपेटीवर शाईच्या दोऱ्याने रेघा मारताना शिष्य पेटीचा तळ विसरतात. विषबाधेवर उतारा म्हणून चिकट तांदूळ हवा असतो, तर दुकानदार त्यात साधा तांदूळ मिसळून देतो. विधी अचूक आहे, पण तो पार पाडणारी माणसे आणि बाजार तसे नाहीत. इथले भय अज्ञातातून येत नाही, ते कामचुकारपणातून येते. त्यामुळे प्रेक्षक हसता हसता दचकतो.

दुसरी शिफारस या प्रवाहाच्या उगमाकडे नेणारी आहे. १९८०चा ‘एन्काउंटर्स ऑफ द स्पूकी काइंड’ सॅमो हंग यांनी दिग्दर्शित केला आणि नायकाची भूमिकाही त्यांनीच केली. पेकिंग ऑपेराच्या कठोर शिक्षणातून आलेल्या या नटाने येथे स्वतःच्या देहालाच परके केले आहे. मंत्रप्रयोगाने नायकाचा एक हात त्याच्या ताब्यातून जातो आणि तो हात भर खाणावळीत इतरांना मारत सुटतो. कमावलेले कौशल्य शाबूत आहे, त्यावरची मालकी मात्र गेली आहे. या प्रकारातले याहून नेमके भयदृश्य मला माहीत नाही. तथापि एक इशारा दिला पाहिजे. नायक व्यभिचारी पत्नीला बेदम मारतो आणि त्याच चित्रावर हा चित्रपट गोठतो. ही मारहाण विनोद म्हणून पुढे केली आहे. ‘काळाचा दोष’ म्हणून तिच्याकडे डोळेझाक करणे मला मान्य नाही. देहावरील सत्तेचा इतका सूक्ष्म विचार करणाऱ्या कृतीला स्त्रीच्या देहापुरता तो विचार सुचू नये, ही तिची मर्यादाच आहे. म्हणूनही ही पहिली शिफारस नव्हे.

तिसरी शिफारस साहित्याच्या अभ्यासकाला सर्वांत जवळची वाटेल. चिंग स्यू-तुंग दिग्दर्शित आणि त्सुई हार्क निर्मित ‘अ चायनीज घोस्ट स्टोरी’ (१९८७) पू सोंगलिंग (१६४०–१७१५) याच्या कथेवर आधारलेला आहे. मूळ कथेतील भूतकन्या तरुणाच्या घरी येते, सासूचा विश्वास संपादन करते, हळूहळू अन्न घेऊ लागते आणि अखेर पत्नी व माता होते. चित्रपटात हे गृहस्थीकरण नाही. पहाटेचा प्रकाश अडवून धरणाऱ्या नायकाला मागे वळून तिचा चेहराही पाहता येत नाही. श्वासाचे सूत्र येथे शृंगारात उतरते. न्हाणीच्या पाण्यात दडवलेल्या नायकाला नायिका चुंबनातून श्वास देते. जिला स्वतःचा श्वास नाही ती श्वास देते, हा विरोधाभास मूळ कथेत नाही.

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट टिपावी. मूळ कथेतील राक्षसासाठी आलेला ‘येछा’ हा शब्द म्हणजे आपला ‘यक्ष’, बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेलेला. चित्रपटातला ताओपंथी तलवारबाजही संकटात ‘प्रज्ञापारमिता’चेच चिनी रूप गर्जतो. आपण ज्याला ‘परके’ म्हणून न्याहाळत होतो, त्यात आपलाच एक शब्द वेष पालटून उभा असतो. पण ही ओळख शेवटी पटावी. आरंभीच पटवली, तर तिचा पुन्हा ‘चिनी वेताळ’ होतो.

हे सारे चित्रपट म्हणजे १९९७च्या हस्तांतरणाच्या भीतीचे रूपक, असेही एक वाचन प्रचलित आहे. मांचू दरबारी पोशाखातली शवे आणि लोपत चाललेली वसाहत यांची जुळणी आकर्षक आहे. परंतु ब्रिटन आणि चीन यांचा संयुक्त जाहीरनामा १९८४चा आहे, आणि प्रवाहाचा उगम १९८०चा. हे रूपक काही कृतींना मागाहून चिकटले असेल. सबंध प्रकाराची किल्ली म्हणून नवागताच्या हाती ते देऊ नये.

अखेरची शिफारस जूनो मॅक यांच्या ‘रिगर मॉर्टिस’ची (२०१३). ‘मिस्टर व्हँपायर’मधला शिष्य चिन स्यू-हो येथे काम गमावलेला नट म्हणून एका उदास वसाहतीत मरायला येतो. त्याच चित्रपटातले शवांना वाट दाखवणारे पुरोहित अँथनी चॅन आता चिकट भात शिजवून विकतात. एकेकाळी जे शस्त्र होते ते पोटापाण्याचे साधन झाले आहे. लॅम चिंग-यिंग १९९७ साली वारले आणि दुसऱ्या शिष्याची भूमिका करणारे रिकी हुई २०११ साली. त्यांना वाहिलेल्या या चित्रपटात विनोद उरलेला नाही. तो सर्वप्रथम पाहणाऱ्यास केवळ अंधार दिसेल. क्रमाने येणाऱ्यास त्या भाताच्या कढईपाशी क्षणभर श्वास रोखून थांबावे लागेल.