‘९९’ : पुनर्निर्मिती आणि प्रेक्षकाची स्मृती

पुनर्निर्मित चित्रपटास कथानक उसने घेता येते. प्रेक्षकाची स्मृती मात्र उसनी घेता येत नाही. प्रीतम गुब्बी दिग्दर्शित ‘९९’ (२०१९) हा कन्नड चित्रपट या दृष्टीने अभ्यसनीय ठरतो. सी. प्रेम कुमार यांच्या ‘९६’ (२०१८) या मूळ तमिळ चित्रपटात शाळासोबती राम व जानू बावीस वर्षांनी भेटतात. रामने शाळेत वारंवार विनवूनही तिने न गायिलेले ‘थलपती’ (१९९१) मधील इलयाराजांचे गीत ती त्या रात्री, वीज गेलेली असताना गाते. ते गीत तमिळ प्रेक्षकाच्या स्वतःच्या तारुण्याशी निगडित असल्याने तेथे संवादाची गरज उरत नाही. कन्नड रूपांतरास हा आधार आयता लाभत नाही. तेथे स्मृतीचे कार्य नायक गणेश यांची पडद्यावरील प्रतिमा करते. गुब्बी यांचीच कथा असलेल्या ‘मुंगारू मळे’ (२००६) मध्ये प्रेयसीचा त्याग करणारा तरुण त्यांनीच साकारला होता. त्यामुळे ‘९९’ मधील विरह कन्नड प्रेक्षकास परका वाटत नाही, ही या चित्रपटाची जमेची बाजू होय. तथापि मूळ कृती पाहताना प्रेक्षकास स्वतःचे गतायुष्य आठवते, तर येथे नटाची पूर्वीची भूमिका आठवते. पुनर्निर्मितीची मर्यादा या भेदातच आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.