वेडावाकडा षट्कोन

आयव्हन सदरलँड यांनी १९६३ साली एमआयटीत सादर केलेल्या प्रबंधात एक षट्कोन आहे. टीएक्स-२ या संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने काढलेला, आणि जन्मतः चांगलाच वेडावाकडा: एक बाजू आखूड, दुसरी लांब, कोपरे मनाला येईल तिकडे. आपण क्षणभर त्या वाकडेपणापाशीच थांबू या, कारण पुढचे सारे सौंदर्य हाताला मिळालेल्या या मोकळिकीतून उमलले आहे.

सदरलँड त्याचे सहाही कोपरे एकेक करून एका वर्तुळावर नेऊन ठेवतात. लेखणी रेषेच्या जवळ आली, की ‘स्केचपॅड’ हा त्यांचा आरेखनाचा संगणक-कार्यक्रम हाताचा कंप पोटात घालून बिंदू नेमका रेषेवरच आहे असे मानतो. आणि हा बिंदू येथून पुढे याच वर्तुळावर राहील, हे बंधन न सांगता नोंदवूनही ठेवतो. किती समंजस हा! मग बाजू समान असाव्यात, एवढेच त्याला सुचवायचे, आणि पाहता पाहता ती ओबडधोबड आकृती स्वतःला सावरत नियमित षट्कोन होते; ज्याच्या आधाराने ती घडली, ते वर्तुळ आता खुशाल पुसून टाकावे.

खरी मेजवानी मात्र पुढेच आहे. त्या एका षट्कोनाभोवती त्याच्याच सहा प्रती, कोपऱ्याला कोपरा जोडून. त्या साताच्या समूहाच्या पुन्हा प्रती. असे करत करत नऊशे षट्कोनांची जाळी. ठिपक्यांच्या रांगोळीत आधी ठिपके नेमके पडावे लागतात. येथे कोणत्याही षट्कोनाची जागा कुणी मोजलेली नाही, केवळ नाती सांगितलेली आहेत. शिवाय प्रत्येक प्रत मूळ आकृतीशी बांधलेली. मुळात षट्कोनाऐवजी अर्धवर्तुळ ठेवले, की सारी जाळी माशाच्या खवल्यांची होते! बंधनाचा इतका खेळकर विलास मी तरी दुसरीकडे पाहिलेला नाही.

संगणकावर आराखडे काढणाऱ्या आजच्या कॅड प्रणाली याच वाटेने चालतात. जवळजवळ आडवी रेषा काढली, की आडवेपणाचे चिन्ह तिच्याशेजारी आपोआप उमटते. (कधी नको तिथेही नाते जुळवतात; तेवढा आगाऊपणा सोसावा.) फ्रीकॅड या मोफत मिळणाऱ्या प्रणालीत आकृतीला हलायला कुठेच वाव उरला नाही, की आराखडा हिरवा होतो. आपणही त्यात एक वाकडा षट्कोन काढा, कोपरे वर्तुळावर बसवा, बाजू समान करा. मात्र हिरव्या रंगाची घाई नको, आधी एक कोपरा धरून ओढा आणि उरलेले पाच कसे वागतात ते पाहा.