मेदयुक्त यकृत आणि कर्करोगाची जोखीम : मोजपट्टीची चिकित्सा

मद्यपान न करणाऱ्याच्या यकृतात मेद साठतो, या विकाराला वैद्यकशास्त्राने दीर्घकाळ केवळ नकारात्मक नाव दिले होते : ‘मद्येतर मेदयुक्त यकृत’. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळांनी ते टाकून चयापचयाच्या बिघाडाशी निगडित असे नवे नाव स्वीकारले. वजन अथवा कंबरेचा घेर, रक्तशर्करा, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड आणि एचडीएल या पाचांपैकी एक जरी दोष आढळला आणि मेदाचे अन्य कारण नसले, तर निदान निश्चित होते. रोग काय नव्हे हे सांगण्यापेक्षा तो कशाशी जोडलेला आहे हे सांगणारे नाव अधिक शास्त्रीय होय, यात संशय नाही. आक्षेप आहे तो या गणनेवरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांस.

या क्षेत्रातील एक महत्त्वाचा आधार म्हणजे फसीहा कनवाल व सहकाऱ्यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला, अमेरिकेतील माजी सैनिकांचा अभ्यास. सुमारे २,७२,००० रुग्णांचा सरासरी नऊ वर्षे मागोवा घेतला असता, दोषांची संख्या वाढते तसतशी सिरोसिसची व कर्करोगाची जोखीम वाढते, आणि मधुमेहाचा संबंध सर्वांत प्रबळ असतो, असे दिसले. निष्कर्ष भक्कम आहे. परंतु त्या समुदायात यकृताचा कर्करोग झालेले रुग्ण २५३, म्हणजे हजारी एकाहूनही कमी होते. ‘जोखीम कित्येक पटींनी वाढते’ हे वाक्य या आकड्यावाचून उच्चारणे म्हणजे अर्धसत्य सांगणे होय.

दुसरा प्रश्न मोजपट्टीचा. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचे २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेले छायाचित्र सर्वपरिचित आहे. दोघांचाही देहभार-निर्देशांक २२.३, मात्र शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, तर याज्ञिकांचा २१.२ टक्के. आशियाई लोकांसाठी ठरविलेली २३ ही मर्यादाही येथे अपुरी पडते. बारीक दिसणारा आपला देह वजनकाट्यावर निर्दोष ठरतो आणि मेद आतच राहतो. कंबरेचा घेर व रक्तशर्करा यांना म्हणूनच आपल्याकडे वजनापेक्षा अधिक मान दिला पाहिजे. पाचही दोषांस सारखेच लेखणारी गणना निदानास पुरेशी असली, तरी जोखमीच्या अंदाजास पुरेशी नाही.

हा वाद केवळ ग्रंथालयातला नव्हे. मावळातील नवलाख उंबरे या गावाचाच विचार करावा. भातशेतीच्या या पट्ट्यात तळेगावची औद्योगिक वसाहत येऊन पोहोचली आहे. अशा गावात सोनोग्राफीच्या अहवालावर ‘यकृतावर चरबी’ एवढेच शब्द वाचून कोणी कर्करोगाच्या धास्तीने खंगावे, आणि खरा सिरोसिसचा रुग्ण मात्र दर सहा महिन्यांच्या तपासणीवाचून राहावा, ही दुहेरी हानी होय. वय, दोन यकृत-विकरे आणि प्लेटलेट-संख्या यांवरून काढला जाणारा ‘फिब-४’ हा अल्पखर्ची निर्देशांक येथे पहिली चाळणी ठरू शकतो. केंद्र शासनाने २०२१ साली हा विकार असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमात समाविष्ट केला, हे योग्यच झाले.

सिरोसिसवाचूनही क्वचित हा कर्करोग उद्भवतो. म्हणून निश्चिंत राहावे असे कोणी म्हणणार नाही. मात्र परकीय समुदायावर सिद्ध झालेला नियम आपल्या देहास लावण्यापूर्वी तो आपल्या देहावर पडताळणे, हे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.