डोळे मिटून ऐकलेलं महायुद्ध

पीटर जॅक्सनचा ‘दे शॅल नॉट ग्रो ओल्ड’ (२०१८) पहिल्यांदा पाहिला तेव्हा सगळ्यांसारखाच मीही त्या एका क्षणाला थबकलो. काळ्यापांढऱ्या, तुरुतुरु पळणाऱ्या चित्रफितीत अचानक रंग भरतात, चाल माणसासारखी होते आणि शंभर वर्षांपूर्वीचा पोरगा कॅमेऱ्याकडे बघून दात काढून हसतो. दुसऱ्यांदा मात्र हेडफोन लावून, डोळे मिटून फक्त ऐकला. तेव्हा खटकायला लागला.

चित्रपटाला निवेदक नाही. आहेत ते पहिल्या महायुद्धात लढलेल्या ब्रिटिश सैनिकांचे आवाज, बीबीसी आणि इम्पिरियल वॉर म्युझियमने कित्येक वर्षांनी घेतलेल्या मुलाखतींतले. ही पुंजी मोलाचीच. त्या खंदकांत लढलेला शेवटचा ज्ञात सैनिक हॅरी पॅच २००९ मध्ये, १११व्या वर्षी गेला. शंभरी गाठेपर्यंत तो युद्धाबद्दल बोललाच नव्हता.

जॅक्सन या आवाजांचं काय करतो? एकाचं वाक्य संपतंय तोवर दुसऱ्याचं सुरू. कोण बोलतंय ते पडद्यावर येत नाही. विचारणाऱ्याचे प्रश्न कापलेले, उत्तरापूर्वीची शांतता कापलेली. शंभराहून अधिक म्हातारे मिळून एकच ‘ब्रिटिश सैनिक’ बोलतोय असं वाटतं. हे अर्थात जाणूनबुजून केलंय, आणि चित्रपट वेगवान होतो तो त्यामुळेच. पण मुलाखतीत माणूस कुठे अडला, काय टाळून पुढे गेला, हे कळायची वाटच बंद होते.

याउलट फिलिप शेफनरचा ‘द हाफमून फाइल्स’ (२००७). बर्लिनजवळच्या युद्धकैद्यांच्या छावणीत जर्मन संशोधकांनी हिंदुस्थानी सैनिकांचे आवाज मुद्रित केले होते. त्यांना युद्धाच्या आठवणी नको होत्या, भाषेचे नमुने हवे होते. १९१६ मध्ये मल्ल सिंग नावाचा शीख सैनिक मिनिटभर बोलतो. स्वतःबद्दलच, पण परक्या कुणाची गोष्ट सांगावी तसा: एक माणूस होता, हिंदुस्थानात लोणी खायचा, आता त्याला घरी जायचंय. शेफनर रंग भरत नाही. आवाज ऐकू येतो तेव्हा पडदा काळा ठेवतो. डोळे मिटायची गरजच पडत नाही. चित्रपट मध्ये मध्ये रेंगाळतो, हेही खरं.

हे लिहायचं कारण घरचं आहे. माझे चुलत आजोबा १९७१च्या लढाईत होते. गेल्या दिवाळीत फोनवर त्यांचं चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग केलं आणि कापून सहा मिनिटांचा झकास व्हिडिओ बनवला. मागे संगीतही टाकलं. घरच्या ग्रुपवर हार्टांचा पाऊस पडला.

परवा मूळ फाइल परत ऐकली. मी विचारतो, “आजोबा, तुमच्याबरोबरचे सगळे परत आले?” मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज. मग ते म्हणतात, “चहा टाकलाय का रे कुणी?”

तेवढाच भाग मी कापला होता.